वितळत्या बर्फावरची वाट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मार्च उलटला की हिमालयातल्या ट्रेकबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचा रोख मे-जूनकडे आहे, म्हणजे वर बर्फ शिल्लक असतो आणि तो रोज वितळत असतो त्या दिवसांकडे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळते आहे. सार पास, हामटा आणि रुपिन या हिमाचलमधल्या खिंडींपैकी काय निवडावं? बर्फ हवा आहे, पण अडकायचं नाही. (पुणे)

या तारखांना तिघांपैकी सार पासच. कसोलहून सुरू होणारी ही वाट मेमध्ये नियमित चालते आणि साधारण ४,२०० मीटरच्या खिंडीवर तेव्हा भरपूर बर्फ असतो. रुपिन (४,६५० मीटर) मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चांगला. हामटा (४,२७० मीटर) बहुतेक वर्षी जूनमध्ये धरावा. त्याआधी खिंडीपलीकडे छत्रूच्या बाजूला बर्फ फार असतो आणि रस्त्याचाही भरवसा नसतो.

मात्र तारखेपेक्षा त्या वर्षीचा हिवाळा जास्त ठरवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून येणारे झंझावात जोरात झाले असतील तर सगळं पंधरा दिवस मागे सरकतं. आयोजकाला ‘बर्फ आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘आहे’ असंच येतं. निघण्याच्या आठवडाभर आधी तीन गोष्टी विचारा: सलग बर्फ किती उंचीपासून सुरू होतो, वाटेतले बर्फाचे पूल उभे आहेत का, आणि या मोसमात खिंड पार करून पलीकडे उतरलेली शेवटची तुकडी कधीची. तिसऱ्या प्रश्नावर चाचपडणारा माणूस वरच्या कॅम्पशी बोललेला नसतो, हे समजून घ्या.

खिंडीच्या दिवशी रात्री दोनला उठवतात आणि तीनला अंधारात चालायला लावतात. सूर्योदय दाखवायचा म्हणून का? सातला निघालं तर काय बिघडतं? (नागपूर)

सूर्योदयाचा काही संबंध नाही. बर्फ गोठलेला असेल तेवढ्या वेळात उतार पार करायचा, एवढाच हिशेब असतो.

दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो आणि पाणी खाली झिरपतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडतो आणि पुन्हा गोठतो. हवेचं तापमान शून्याच्या एक-दोन अंश वर असलं तरी हे घडतं. पहाटे हा थर माणसाचं वजन सहज पेलतो. ऊन पडल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर दाणेदार, मऊ होतात. चालायला याहून चांगला बर्फ नाही, बूट नीट बसतो. पण ही अवस्था तास-दीड तास टिकते. त्यानंतर पाय घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आणि दुपारी थेट मांडीपर्यंत रुततो. रुतलेला पाय दर पावलाला उपसायचा म्हटलं तर वीस मिनिटांच्या टप्प्याला तास जातो. त्यातच वेगाने पुढे जाणाऱ्याचा गुडघा पिरगळतो, कारण पाय आत अडकलेला असतो आणि सॅकसकट धड पुढे गेलेलं असतं.

दुसरा धोका याहून मोठा. पाणी मुरून थरांची एकमेकांवरची पकड सुटली की ओला बर्फ घसरतो. हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि खिंडीखालची शेवटची चढण नेमकी त्याच तिरकसपणाची असते. आधी इशारा मिळतो: उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येऊ लागतात, मागे रेघा उमटतात. हे दिसलं की त्या उताराखाली थांबून फोटो काढायचे नाहीत. कड्याच्या भेगांत रात्री गोठलेलं पाणी ऊन लागताच सुटतं आणि दगड खाली येतात. रुपिनच्या शेवटच्या घळीत हेल्मेट घालतात ते यासाठी.

उताराचं तोंड कुठे आहे तेही बघावं लागतं. पूर्वेकडच्या उताराला ऊन आधी लागतं, तो नऊलाच मऊ झालेला असतो. उत्तरेकडचा उतार दहालाही काचेसारखा टणक असू शकतो. चढण पूर्वेची आणि उतरण उत्तरेची असेल तर फार लवकर पोचूनही उपयोग नसतो, कारण पलीकडचा उतार पाय रोवू देत नाही. गाइड कधी खिंडीवर अर्धा तास मुद्दाम थांबवतो ते आळसापोटी नव्हे.

आता यातली खरी मेख. रात्रभर ढग असतील तर बर्फ गोठतच नाही, मग तीनला निघून काही मिळत नाही. तंबूबाहेर येऊन ट्रेकिंग पोल बर्फात दाबून बघा. खालच्या प्लास्टिकच्या चकतीसकट सहज आत गेला तर रात्र फुकट गेली असं समजा. अशा दिवशी एक दिवस थांबणारा आयोजक चांगला. म्हणून वेळापत्रकात एक दिवस राखीव आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. हिमस्खलनाबाबत चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था इशारे देते. ते मोठ्या भूभागासाठी असतात, तुमच्या घळीचं भाकीत त्यात मिळणार नाही. पण इशारा असूनही तुकडी पुढे नेणाऱ्याला कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

पावसाळ्यात आम्ही सह्याद्रीतले ओढे नेहमी पार करतो. तिकडच्या नाल्यांची इतकी धास्ती का घ्यायची? (कोल्हापूर)

तुमचा सराव कामाला येईल, पण अंदाज चुकतील. सह्याद्रीतला ओढा पावसावर चढतो आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतो. बर्फाच्या पाण्याचा नाला स्वच्छ, कोरड्या दिवशी जास्त चढतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, दुपारनंतर वाढत जातो आणि संध्याकाळच्या सुमारास भरात येतो. नाल्याचं पाणलोट मोठं असेल तर वरचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो आणि उच्चांक अंधार पडल्यावरही येतो. सकाळी घोट्याइतका असलेला नाला चारला मांडीला लागू शकतो. हामटाच्या वाटेवर शिआगोरूहून छत्रूकडे जाताना जो नाला ओलांडतात, तो सकाळीच उरकण्याची पद्धत यामुळेच पडली आहे.

दुसरं म्हणजे गारठा. हे पाणी शून्याच्या जेमतेम वर असतं. मिनिट-दोन मिनिटांत तळपाय बधिर होतात आणि दगड हलतो आहे की स्थिर आहे, हे पायाला कळेनासं होतं. सह्याद्रीत आपण पायाने चाचपत जातो, ती सोय इथे राहत नाही.

आधी जागा निवडा. वाट जिथे नाल्याला भिडते तीच जागा पार करायला सोयीची असेल असं नाही. पात्र पसरट असेल, पाणी दोन-तीन फाट्यांत विभागलं असेल, तिथे जा. अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचं असतं. खालच्या अंगाला धबधबा, मोठे धोंडे किंवा बर्फाखाली शिरणारा प्रवाह असेल तर ती जागा सोडून द्या, पाय सुटला तर माणूस तिथेच जाणार. मग एक काटकी प्रवाहात टाकून तिच्याबरोबर काठाने चाला. ती तुमच्या चालण्याहून वेगात गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर त्या वेळी, त्या जागी उतरायचं नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे ‘कालच्यापेक्षा थोडंसंच जास्त आहे’ हे वाक्य फसवं आहे.

उतरताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. अनवाणी जाऊ नका. मागे पट्टा असलेल्या सँडल असतील तर त्या, नाहीतर मोजे आणि आतला तळवा काढून बूटच घाला. साध्या चपला पहिल्याच पावलाला वाहून जातात. तोंड प्रवाहाकडे, पोल समोर वरच्या अंगाला रोवलेला, आणि पाय न उचलता आडवे सरकवत जायचं. पोल आणि दोन पाय या तिघांपैकी एका वेळी एकच हलवा. तिघंचौघं असाल तर एकमेकांच्या सॅकचे खांद्यावरचे पट्टे धरा आणि प्रवाहाच्या दिशेत एकामागे एक उभे राहा. सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला असावा. त्याच्या आडोशाने मागच्यांना कमी रेटा लागतो.

गाइडने दोर बांधला असेल तर दोराच्या खालच्या अंगाने, दोर हाताने धरून जा. वरच्या अंगाने गेलात तर प्रवाह तुम्हाला दोरावर दाबतो आणि त्याखाली ढकलतो. दोर स्वतःच्या कमरेला कधीही बांधू नका. पाय सुटल्यावर बांधलेला माणूस ताणलेल्या दोराच्या टोकाला पाण्याखाली दाबला जातो. वाहून जायची वेळ आलीच तर सॅक सोडा, पाठीवर व्हा, पाय पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवा. वेगाच्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नका, दगडांच्या फटीत पाय अडकतो.

दुपारी उशिरा नाल्याशी पोचलात आणि पाणी जास्त असेल, तर अलीकडेच मुक्काम टाकून पहाटे ओलांडणं हा उपाय सगळ्यांत सोपा. तरी लोक तो करत नाहीत, कारण जेवण पलीकडच्या कॅम्पवर असतं. सॅकमध्ये एका रात्रीपुरतं खाणं ठेवा.

बर्फाचा पूल सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं? (सातारा)

‘सुरक्षित’ अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. ‘आत्ता चालेल’ इतपत सांगता येतं. नाल्यावर साठलेला बर्फ खालून वाहत्या पाण्याने पोखरला जातो, त्यामुळे वरून पांढरा आणि जाड दिसणारा पूल आतून कमान होत गेलेला असतो. रुपिनच्या वाटेवर धंदेरास थाचपासून धबधब्याच्या कडेने चढताना असे पूल मे-जूनमध्ये ओलांडावे लागतात.

आधी बाजूने जाऊन त्याची जाडी बघा. कडा मीटरभर जाड दिसते का? मधला भाग खचल्यासारखा, खोलगट आहे का? रंग करडा, पाणी मुरल्यासारखा झाला आहे का? आडव्या भेगा आहेत का? पायाखालून खळखळाट स्पष्ट ऐकू येतो का? खोलगटपणा आणि करडा रंग एकत्र असले तर त्यावर जाऊ नका, मग कालची पावलं कितीही ठसठशीत दिसोत. पावलांवरून एवढंच कळतं की काल पूल उभा होता.

ओलांडायचा तर सकाळी, एका वेळी एकाने, अंतर ठेवून. सॅकचे पट्टे सुटे, पोलचे मनगटातले फासे काढलेले. पुढचा माणूस प्रत्येक पावलाआधी पोल टोचत जाईल. पोल अचानक विनासायास आत गेला तर तिथेच थांबायचं आणि आपल्याच पावलांवरून मागे यायचं.

असाच एक सापळा मोठ्या खडकांच्या आणि झाडांच्या भोवती असतो. काळा दगड ऊन शोषतो, भोवतालचा बर्फ आतून वितळवतो आणि वर पातळ कवच उरतं. दमल्यावर माणूस नेमका खडकाकडेच टेकायला जातो आणि कमरेपर्यंत आत उतरतो. बर्फातून डोकावणाऱ्या खडकापासून दीड-दोन मीटर लांबूनच जा.

बूट कुठले? मायक्रोस्पाइक्स विकत घ्यावेत की भाड्याने? (ठाणे)

सह्याद्रीतल्या कातळावर छान पकडणारे कापडी बूट इथे दोन बाबतींत कमी पडतात. ते तासाभरात भिजतात, आणि तळवा इतका लवचिक असतो की कडक बर्फात पायरी मारता येत नाही. घोट्याच्या वर येणारा, पाणी अडवणारा, वाकवल्यावर टाचेपासून मध्यापर्यंत ताठ राहणारा बूट हवा. किमान तीन-चार आठवडे घालून वापरलेला हवा. अर्धा नंबर मोठा घ्या, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्या, वर्षातून एकदाच लागणार असतील तर भाड्याने घ्या, पण कॅम्पवर हातात देतात तेव्हाच तपासा: रबराला चीर आहे का, साखळीची एखादी कडी उघडी पडली आहे का, दात झिजून बोथट झाले आहेत का. ‘पुढे’ची खूण बघून बुटावर चढवून दाखवायला सांगा, सैल असतील तर उतारावर फिरतात. त्यांचे दात जेमतेम सेंटिमीटरभर असतात. मध्यम चढणीच्या टणक बर्फावर ते उत्तम, तीव्र उतारावर मात्र ते लांब दातांच्या क्रॅम्पॉनची जागा घेऊ शकत नाहीत. दुपारच्या ओल्या बर्फात त्यांच्याखाली गोळे जमतात आणि गोळ्यावर पाय ठेवला की पकड शून्य. दर काही पावलांनी पोलने बुटाच्या कडेला टोला देऊन ते पाडा, फारच जमत असतील तर स्पाइक्स काढून टाचेने पायऱ्या मारत उतरा.

गेटर, म्हणजे बुटावरून पिंडरीभोवती बांधायचं आवरण, जरूर घ्या. पायाखालचा पट्टा घट्ट आणि बकल बाहेरच्या बाजूला. आत राहिलं तर दुसऱ्या पायाच्या स्पाइकमध्ये अडकून पाडतं.

सार पासवरून घसरत उतरतात म्हणे. मुलांना करू द्यावं का? (नाशिक)

गाइडने आखलेल्या पन्हळीतून, त्याच्या देखरेखीखाली, हो. आधी स्पाइक्स काढलेले हवेत, अपवाद नाही. स्पाइकचा दात बर्फात अडकला की घोटा मोडतो. खालचा थांबण्याचा टप्पा वरून पूर्ण दिसला पाहिजे, आणि तिथे खडक नकोत. पुढचा माणूस खाली पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने सुटायचं नाही. सगळ्यात जास्त दुखापती एकमेकांवर आदळून होतात. पोल कुणाच्या हातात नकोत. पावसाळी पँटचा कपडा गुळगुळीत असतो, वेग अंदाजाबाहेर वाढतो. टाचा दाबून वेग कमी करायचा. जमलं नाही तर पोटावर पालथं होऊन, कंबर थोडी उचलून, बुटांची टोकं आणि हात बर्फात रोवायचे. हे सपाटीजवळच्या छोट्या उतारावर आधी चार वेळा करून बघावं. सकाळी बर्फ टणक असेल तर घसरणं रद्द, कितीही हट्ट झाला तरी.

साधा गॉगल चालेल का? (जळगाव)

नाही. १०० टक्के अतिनील किरण अडवणारा, कॅटेगरी ३ किंवा ४च्या गडद काचेचा, बाजूनेही झाकणारा गॉगल लागतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, ढग असतानाही. त्रास त्या क्षणी जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. मग डोळे चोळायचे नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, अंधारात पडून राहायचं. बहुधा एक-दोन दिवसांत बरं होतं. चष्मा असणाऱ्यांनी वरून बसणारा गॉगल घ्यावा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा, ऊन खालूनही येतं.

रोज बूट भिजणार तर वाळवायचे कसे? (रत्नागिरी)

पूर्ण वाळत नाहीत, तेव्हा कोरडे मोजे राखणं हेच खरं काम. चालायचे दोन जोड लोकरीचे किंवा सिंथेटिक, आणि झोपायचा एक जाड जोड, जो कुठल्याही कारणाने तंबूबाहेर जाणार नाही. सुती मोजे घरी ठेवा. कॅम्पवर पोचताच बुटांचे आतले तळवे काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाने बदला. शेकोटीशी ठेवू नका, तळव्याचा डिंक सुटतो आणि दुसऱ्या दिवशी बूट जबडा उघडतो. रात्री बूट पिशवीत घालून तंबूत घ्या, नाहीतर पहाटे दगड झालेले असतात. ओले मोजे अंगातल्या कपड्यांच्या आत पोटाशी ठेवले तर सकाळपर्यंत बरेच सुकतात.

पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले तर पांढरे, बधिर पडतात आणि गरम झाल्यावर लाल होऊन ठणकतात. अशा पायांना तेल लावून चोळू नका, गरम पाण्यातही घालू नका. कोरडे करून सैल मोज्यांत, उंचावर ठेवा. बधिरपणा सकाळपर्यंत गेला नाही तर त्या माणसाने खाली उतरावं.

तहान लागली तर बर्फ खावा का? (अमरावती)

अंगातली उष्णता जाते आणि पाणी फारच थोडं मिळतं. वितळवून प्या. भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला धुराचा वास येतो. जुना बर्फ दाट असतो, त्याच्या दोन-अडीच लिटरमधून लिटरभर पाणी मिळतं. गुलाबी छटेचा बर्फ टाळा, ते शेवाळ असतं. कुरणांखालच्या नाल्याचं पाणी कितीही स्फटिकासारखं दिसलं तरी उकळा, वर गद्दी मेंढपाळांचे कळप असतात. या उंचीवर तीन मिनिटं उकळी ठेवा. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर गार पाण्यात तिला पाकिटावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ द्या.

दर रविवारी सिंहगड चढतो, कळसूबाई अनेकदा झालं आहे. वेगळी तयारी लागेल का? (पुणे)

दम आणि पाय तयार आहेत, उंची मात्र नवी आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि कसोल गावच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम आहे. वेळापत्रक वाचताना खिंडीची उंची बघू नका, रोजच्या मुक्कामांची उंची लिहून काढा. सार पासच्या वाटेवर ग्रहण गाव साधारण २,३५० मीटरवर आणि मिनथाच ३,४००च्या आसपास. हा टप्पा एका दिवसात नेणाऱ्यापेक्षा मध्ये पदरीला मुक्काम करणारी आखणी आम्ही निवडू, भले एक दिवस आणि थोडे पैसे जास्त जावोत. रविवारी सिंहगड पळत चढणारे इथे जास्त आजारी पडतात, कारण पहिल्या दोन दिवसांत त्यांना दम लागत नाही आणि ते थांबत नाहीत.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स गोळी घ्यायची तर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर विशेषतः. डोकेदुखी असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा सरळ रेषेत टाच-बोट टाच-बोट चालताना तोल गेला, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

छत्री घ्यावी का? (सांगली)

गावापर्यंत घ्या. मेमध्ये दुपारी वळवासारखी गडगडाटी गारपीट होते, पण धारेवर छत्री उघडणं म्हणजे विजेला बोलावणं आहे. दोनच्या आत कॅम्पवर असाल तर गारा तंबूतून बघता येतात.